प्रवेशाच्या फाइलमधला एक कागद

गेल्या जुलैत अमेरिकेतून सुट्टीवर गावी गेलो होतो, तेव्हा ताईबरोबर भाच्याच्या अकरावीच्या प्रवेशासाठी लातूरला गेलो. एसटीतून उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईबापाकडे तेच सामान होतं. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल. टीसी, दहावीचं गुणपत्रक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो. खिडकीवर एकेक कागद तपासला गेला. एका झेरॉक्सवर सही राहिली होती, तर ताईला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. पण या लेकराला कोणकोणत्या लसी दिल्या आहेत, हे ना कॉलेजात कोणी विचारलं, ना क्लासमध्ये, ना वसतिगृहात.

त्याच उन्हाळ्यात इकडे न्यू जर्सीत माझ्या मुलीचा कॉलेज प्रवेश झाला. इथल्या कायद्यानुसार गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एमएमआर लसीची नोंद द्यावी लागते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना हेपॅटायटिस बीचीही द्यावी लागते, आणि कॉलेजच्या वसतिगृहात राहणार असाल तर मेंदूज्वराच्या लसीचा प्रश्न येतो. तो फॉर्म भरताना मला काही विशेष वाटलं नव्हतं. भाच्याचा मार्चमध्ये फोन आला, तेव्हा त्या फॉर्मची आठवण झाली.

चार दिवस ताप होता. पोरगं घरी सांगायलाही घाबरत होतं, कारण क्लासची टेस्ट सिरीज सुरू होती. व्हिडिओ कॉलवर त्याची खोली दिसली. तीन कॉट, कोपऱ्यात पाण्याचा निळा जार, त्यावर उपडा ठेवलेला स्टीलचा पेला, उशाशी गोळ्यांची पाकिटं आणि जीवशास्त्राचं उघडं पुस्तक. निदान झालं टायफॉइडचं. ताई रात्रीच्या गाडीनं गेली आणि त्याला घरी घेऊन आली. अभ्यासाचे तीन आठवडे गेले. पोरगं बरं झालं हे आमचं नशीब. पण जो आजार एका टोचणीनं बहुधा टळला असता, त्याच्यासाठी नशिबावर का अवलंबून राहायचं?

म्हणून माझी एकच मागणी मांडतो. लातूर आणि नांदेडमधल्या प्रत्येक कॉलेजनं, क्लासनं आणि वसतिगृहानं प्रवेशाच्या कागदपत्रांत लसीकरणाची नोंद मागावी, आणि जे राहिलं असेल ते वर्षाच्या आत पूर्ण होईल अशी सोय करावी.

ही मागणी या दोन शहरांसाठीच का? कारण अकरावी-बारावीच्या काटेकोर तयारीच्या लातूर पॅटर्ननं मराठवाड्यातल्या गावोगावच्या मुलांना एका ठिकाणी आणलं. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी लातूरचं नाव राज्यभर झालं, पुढे नांदेडही त्याच वाटेनं गेलं. शेतकऱ्याची, शिक्षकाची, कंडक्टरची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, आपल्यापैकी अनेक जण त्याच वाटेनं इथे अमेरिकेपर्यंत आलो. पण सोळा-सतरा वर्षांची मुलं घर सोडून, रूम करून, एका खोलीत तिघं-चौघं राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच जारचं पाणी पितात, तेव्हा एकाचा आजार एकट्याचा राहत नाही.

पाण्याचं तर लातूरकरांना काय सांगावं! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं या शहराला पाणी आणावं लागलं. मांजरा धरण आटलं की टँकर, जार, बोअर, मिळेल ते पाणी चालवून घ्यावं लागतं. टायफॉइड अशाच पाण्यातून आणि उघड्यावरच्या खाण्यातून पसरतो. त्यावरची नवी संयुग्म लस एका डोसची आहे आणि ती हैदराबादेत तयार होते, म्हणजे आपले जिल्हे पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीत. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये मोहीम काढून एक लाखाहून जास्त मुलांना ती दिली. महापालिकेला जे जमलं, ते हजारो मुलांची फी घेणाऱ्या संस्थांना जमू नये?

दुसरा आजार कांजिण्यांचा. आपल्याकडे कांजिण्या म्हणजे लहानपणी येऊन जाणारं दुखणं, कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा आणि वाट पाहायची, असा समज आहे. मोठ्या वयात मात्र त्या जास्त त्रास देतात, कधी न्यूमोनियापर्यंत जातात. हिवाळा सरता सरता त्या वाढतात, म्हणजे नेमक्या बारावीच्या परीक्षा आणि नीटच्या तोंडावर. एकाच्या अंगावर फोड उठले की दुसऱ्याला दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. वसतिगृहात ही साखळी महिनोन्महिने चालू राहते. तेरा वर्षांपुढे या लसीचे दोन डोस घ्यावे लागतात, चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं. सरकारी कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे ज्यांनी विकत घेतली त्यांच्याच मुलांना मिळाली.

हेपॅटायटिस बीची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात २०११ च्या सुमारास पूर्णपणे आली. आज कॉलेजात असलेली बहुतेक मुलं त्याआधी जन्मली आहेत. कोणाला मिळाली, कोणाला नाही, हे लसीकरणाचं कार्ड पाहिल्याशिवाय कळत नाही. लातूर-नांदेडची मुलं तर डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन व्हायला निघाली आहेत. उद्या त्यांच्या हातात रक्ताच्या सुया येणार. वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच त्यांचे तीन डोस झालेले असावेत.

गोवर-रुबेलाच्या बाबतीत आपली बाजू थोडी बळकट आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून पंधरा वर्षांखालच्या मुलांना लस दिली गेली. शाळेनं मनावर घेतलं की काम होतं, हे तेव्हा दिसलं. गालगुंडाची लस मात्र त्यात नव्हती. म्हणूनच पुढे शिकायला अमेरिकेत येणाऱ्या मुलांची व्हिसाच्या घाईत एमएमआरसाठी धावपळ होते.

आणि एक लस तर फुकट आहे. धनुर्वात-घटसर्पाची टीडी सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी दिली जाते. सोळावं म्हणजे नेमकं अकरावीचं वर्ष. पण मूल गावच्या शाळेतून निघून शहरातल्या क्लासमध्ये आलेलं असतं. गावची आशाताई त्याला शोधत नाही आणि शहरात त्याची कोणाकडे नोंद नसते. फुकटची लसही या फटीतून निसटते.

शेवटची एचपीव्हीची लस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी. तिच्याबद्दल आपल्या भागात लोक अजून दबक्या आवाजात बोलतात. म्हणून मुद्दाम सांगतो, या कर्करोगाविरुद्धच्या लढाईत जगाला शिकवणारं काम आपल्याच मातीत झालं आहे. १९८२ पर्यंत लातूर ज्या जिल्ह्याचा भाग होतं, त्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीनं १९९९ पासून एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटतात, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झालं. एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं, हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासातही बार्शीचं केंद्र होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२२ मध्ये सर्व्हाव्हॅक ही देशी लस आणली. ती मुलींना आणि मुलांनाही देता येते, सव्वीसाव्या वर्षापर्यंत. आपल्या आयाबहिणींनी जगाला पुरावा दिला. त्यांच्या लेकींना त्याचा लाभ मिळायलाच हवा.

काही मित्र म्हणतात, आधी पाणी शुद्ध करा, मग लसींचं बोला. पाणी शुद्ध झालंच पाहिजे, त्यासाठी भांडलंही पाहिजे. लस शंभर टक्के संरक्षण देत नाही आणि टायफॉइडची लस कावीळ थांबवत नाही. पण पाइपलाइन व्हायला वर्षं लागतात, आणि भाच्याची अकरावी-बारावी दोनच वर्षांची असते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. क्लास, खोली आणि मेस यांच्या पैशांत घर वाकलेलं असताना आणखी काही हजार कुठून आणायचे? म्हणूनच सक्ती नको आणि लस नाही म्हणून कोणाचा प्रवेश अडता कामा नये. मागायची ती फक्त नोंद. नोंद आली की कोणाला काय हवंय ते कळेल, एकत्र खरेदी करता येईल, जे फुकट आहे ते आधी देता येईल. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथले डॉक्टर आणि कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं मिळून एका रविवारी एका वसतिगृहाची कार्डं तपासू शकतात.

वेळापत्रकाचाही मेळ बसतो. जुलैत टीडी, टायफॉइड, हेपॅटायटिस बी, कांजिण्या आणि एचपीव्ही यांची सुरुवात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुसरे डोस. जानेवारीत हेपॅटायटिस आणि एचपीव्हीचे शेवटचे. मेमधल्या नीटच्या चार महिने आधी सगळं पूर्ण. कोणती लस कोणाला द्यायची, हे डॉक्टरांनीच तपासून ठरवावं. पण ज्या शहरानं तासातासाचं वेळापत्रक आखून मुलं घडवली, त्याला सहा महिन्यांत तीन फेऱ्या जड नाहीत.

राहिला आपला वाटा. आपण इथे मुलांचे फॉर्म वेळेवर भरतो. तिकडे आपल्या प्रत्येकाचा भाचा, पुतणी, शेजारच्या काकांचा नातू कुठल्या तरी रूमवर राहतोय. त्या एका मुलापासून सुरुवात करूया. कार्ड शोधायला सांगा, त्याचा फोटो मागवा, राहिलेल्या लसींचे पैसे तुम्ही द्या. तुम्ही ज्या कॉलेजात शिकलात, तिथल्या प्राचार्यांना पत्र लिहा. माजी विद्यार्थ्याचं पत्र तिथे वाचलं जातं.

ताईला मी कार्ड शोधायला सांगितलं, तेव्हा ते सापडलं लोखंडी ट्रंकेत, पत्रिकेच्या घडीत जपून ठेवलेलं. शाई उडाली होती, पण रकाने वाचता येत होते. हेपॅटायटिस बीचे तिन्ही रकाने कोरे. सोळा वर्षं तिनं ते सांभाळलं, कोणीतरी मागेल म्हणून. पहिला डोस एप्रिलमध्ये झाला, दुसरा मेमध्ये. ऑक्टोबरमध्ये तिसरा होईल, आणि ती तारीख ताईनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.