जुन्या कर्नेलचे ओझे कोणी वाहायचे?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर काही दिसेपर्यंतच्या सेकंदांत दोन कामगारांची गाठ पडते. पहिला कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट बोलण्याचा अधिकार त्याचा. तो जागा झाला की पहिला प्रोग्राम सुरू करतो आणि पुढचा संसार त्याच्या हवाली करतो: नेटवर्क उठवणे, डिस्क जोडणे, एकामागून एक सेवा चालू करणे. बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत हा कारभारी म्हणजे सिस्टमडी. लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी २०१० मध्ये तो लिहायला घेतला. कारभारी नवा आणि गाभा जुना असेल तर काय, हा प्रश्न जाणकारांपुरताच वाटेल. पण राउटर, कारखान्यातील नियंत्रक, रुग्णालयातील उपकरणे अशा कितीतरी पेट्यांत लिनक्स असते आणि विक्रीच्या दिवशी होता तोच गाभा अनेकदा शेवटपर्यंत राहतो.

नव्या कर्नेलमुळे जुना प्रोग्राम बंद पडता कामा नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम. तो मोडणाऱ्यांची त्यांनी जाहीर खरडपट्टी काढलेली आहे. पण हे वचन एकाच दिशेचे. नवा प्रोग्राम जुन्या कर्नेलवर चालेलच, असे कोणी कबूल केलेले नाही. कारभाऱ्याने २०१९ मधली सोय मागितली आणि गाभा २०१६ चा असला, तर ‘माझ्याकडे हे नाही’ एवढेच उत्तर मिळते. मग जुन्या वाटेने जावे लागते आणि ती वाट कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असावी लागते.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला लिनक्स क्रमांक देते. प्रोग्राम संपला की तोच क्रमांक कालांतराने दुसऱ्याला मिळतो. दवाखान्यातला १७ नंबरचा रुग्ण कंटाळून घरी गेला, टोकन दुसऱ्याच्या हाती आले आणि कंपाउंडरने ‘१७ नंबर’ अशी हाक मारून भलत्यालाच सुई टोचली, तसा हा धोका. थांबवायचा एक प्रोग्राम आणि मरतो दुसराच. असे क्वचितच होते, पण होऊ शकते. म्हणून क्रमांकाऐवजी त्या प्रोग्रामलाच पक्के धरून ठेवणारी पिडएफडी ही सोय कर्नेलमध्ये टप्प्याटप्प्याने आली. २०१९ च्या ५.३ आणि ५.४ या आवृत्त्यांत तिचे महत्त्वाचे भाग जुळले. जुन्या कर्नेलला सांभाळायचे म्हणजे हा उपाय हाती असताना टोकनची पद्धतही जिवंत ठेवायची. ती तपासणार कोण? ती लिहिणाऱ्यांच्या यंत्रांवर तर नवे कर्नेल असते. न तपासलेली पळवाट नसलेल्या पळवाटेहून वाईट, कारण तिच्यावर लोक विसंबतात.

म्हणूनच सिस्टमडीच्या सप्टेंबर २०२५ मधील २५८ व्या आवृत्तीने किमान कर्नेल ५.४ असा उंबरठा घातला, तो योग्यच आहे. सेवांच्या मेमरी-प्रोसेसरचा हिशेब ठेवणारी सीग्रुपची पहिली पद्धत काढतानाही रीत बरी होती. २०२४ मध्ये २५६ व्या आवृत्तीने त्या पद्धतीवर सुरू होण्यास नकार दिला, पण मुद्दाम भाग पाडण्याची एक किल्ली ठेवली. २५८ मध्ये ती किल्लीही गेली. तरी झळ बसतेच. कंटेनरला स्वतःचा गाभा नसतो, तो यजमानाचाच वापरतो. ३.१० कर्नेलवरच्या सेंटओएस ७ वर नव्या वितरणाचा कंटेनर सिस्टमडीसह चालवू पाहणाऱ्यांना हे नकार सोसावे लागतात. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, हेही खरे.

मात्र राग कारभाऱ्यावर काढणे चुकीचे. अनेक उपकरणांत चिप बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीने बदललेले कर्नेल असते आणि त्याने लक्ष काढून घेतले की मालकाला पुढे सरकता येत नाही. दीर्घकालीन कर्नेलची सहा वर्षांची मुदत दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. क्ष-किरण यंत्राचे आयुष्य मात्र दहा-पंधरा वर्षे धरले जाते. त्यातले कर्नेल बदलायचे तर यंत्राची सारी चाचणी पुन्हा करावी लागते, त्यामुळे कोणी हात लावत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टांचे काम विस्कळीत केले. तिथे विंडोज होते. दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती, लावली गेली नव्हती.

पैसे मोजणारा असेल तर जुने कर्नेलही सांभाळता येते. वीज, रेल्वे अशा व्यवस्थांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्मने ४.४ हे कर्नेल किमान दहा वर्षे सांभाळण्याचे अंगावर घेतले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. उत्पादनाचा अपेक्षित वापरच कमी काळाचा नसेल, तर किमान पाच वर्षे सुरक्षेचा आधार देणे तो उत्पादकांना बंधनकारक करतो. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या निविदांत यंत्राची हमी, सुटे भाग, देखभाल यांचे रकाने असतात. त्यातच आणखी दोन हवेत: आत कोणते कर्नेल आहे आणि त्याच्या दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत कोण देणार.