सरकतं ध्रुववृत्त
नकाशावर उत्तर ध्रुववृत्त तुटक रेघेने आखलेलं असतं, आणि ते तिथेच बसून आहे असं आपण शाळेपासून धरून चालतो. आइसलँडच्या भूमीला ते फक्त ग्रिमसे बेटावर शिवतं. पृथ्वीच्या अक्षाचा कल सध्या कमी होतोय, त्यामुळे हे वृत्त वर्षाला सरासरी साडेचौदा मीटर उत्तरेकडे सरकतं. २०१७ मध्ये तिथे त्यावर तीन मीटर व्यासाचा, आठेक टनांचा काँक्रीटचा गोळा ठेवला. वृत्त सरकेल तसा तोही हलवायचा! असलं खटाटोपी स्मारक मला कुठल्याही अश्वारूढ पुतळ्याहून आवडतं. शतकाच्या मध्याच्या आसपास वृत्त बेट ओलांडून समुद्रात जाईल. तेव्हा गोळाही लोटून द्यायचा का, हे तिथल्या शंभराच्या आतल्या वस्तीने बघावं.