चाचे कोणास म्हणावे?

करमणुकीकडे तुच्छतेने पाहण्याची आपल्या चळवळीतील खोड जुनी आहे. पत्ते, तमाशा आणि चित्रपट यांच्यामागून आता व्हिडिओ गेमची पाळी आली आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदी घातली, ते उचितच झाले. तथापि सर्व खेळ एकाच मापाने मोजणे हा निव्वळ बौद्धिक आळस होय. केळापुरात नातवाशेजारी बसून प्रस्तुत लेखक ‘रोग गॅलेक्सी’ हा खेळ बरेच दिवस खेळला. (इंग्रजीत ‘रोग’ म्हणजे भामटा, आपल्याकडे त्या शब्दाचा जो अर्थ होतो त्यास इलाज नाही.)

जपानच्या लेव्हल-फाइव्ह या कंपनीने २००५ साली प्लेस्टेशन-२ या यंत्रासाठी तो काढला. रोझा नावाच्या वाळवंटी ग्रहावर परकीय सैन्याचा तळ आहे. तेथील जॅस्टर हा पोरका तरुण एका गैरसमजामुळे अंतराळातील चाच्यांच्या जहाजावर दाखल होतो आणि ग्रहामागून ग्रह पालथे घालतो. सारा मामला हसतखेळत चालतो. एक बेडूक तर दोन शस्त्रे गिळून त्यांहून सरस असे तिसरे बाहेर टाकतो! चाच्यांशी स्पर्धा करणारी डेट्रॉन ही बलाढ्य कंपनी मात्र खलनायकाच्या जागी आहे.

चाचे सज्जन आणि कंपनी लुटारू, ही अदलाबदल आपल्या इतिहासास अपरिचित नाही. कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तकाची मागणी केली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस चाचा ठरविले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले. त्याच ‘चाच्या’चे नाव आज भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळास आहे. कंपनीच्या दप्तरात जो शब्द लिहिला गेला, तो पुढे इंग्रजी पुस्तकांतून दोन शतके वाचला गेला, एवढेच.

हे सारे मान्य करूनही अर्थशास्त्राच्या जुन्या शिक्षकास काही खटकते. खेळात एक कारखाना आहे. यंत्रे ओळीने मांडावयाची, कच्चा माल सोडावयाचा, की पक्का माल निघतो; ना कामगार, ना मजुरी. त्याहून गंभीर बाब ही की, जॅस्टरची मुक्ती रोझा सोडून जाण्यात आहे. जे मागे राहिले त्यांच्या मानेवरील जोखड जागेवरच असते.

केळापूर तालुक्यातील तरुणास हे स्वप्न ठाऊक आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. परंतु बापाचा कापूस त्या जहाजात बसत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला; आणि वेचणीच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. ही माफी प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत लांबविली. म्हणजे नेमका जेव्हा शेतकरी माल घेऊन बाजारात उभा राहतो, तेव्हाच गिरण्यांना बाहेरचा स्वस्त माल खुला झाला. याला चाचेगिरी कोणी म्हटले नाही. त्यास धोरण म्हणतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पोरांच्या हातून खेळ हिसकावू नये. शेजारी बसावे, जमल्यास दोन डाव खेळावेत (बोटे चालत नाहीत, पोरे हसतात, हसू द्यावे), आणि रोझावर कोण उरले याची चौकशी त्यांच्याकडेच करावी. तेथून आयात शुल्कापर्यंत येण्यास फार वेळ लागत नाही.