हक्क कागदावर, पहारा कोणाचा?



गेल्या महिन्यात आमच्या शाखेच्या सभेत एक विषय निघाला. स्टेशनवर फलाट आणि डबे धुणारे ठेकेदाराचे कामगार आमच्याकडे आले होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की आम्हालाही युनियनचे सभासद करून घ्या. सभेत दोन तट पडले. "ते आज आहेत, उद्या नाहीत. त्यांना घेतले तर आपल्या मागण्या मागे पडतील," असे बरेच जण म्हणाले. वाद वाढला तेव्हा आम्ही विषय पुढच्या सभेवर टाकला. त्या सभेआधी आम्हाला जे सांगायचे आहे ते येथे लिहीत आहोत. गोष्ट अमेरिकेची आहे, दीडशे वर्षांपूर्वीची आहे. पण तिच्यात रेल्वे आहे, टपाल आहे आणि युनियनही आहे.

अमेरिकेतील गुलामांच्या सुटकेची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. आपल्या शूद्रातिशूद्रांनाही कोणी असेच सोडवावे ही तळमळ त्यामागे होती. पण ती मुक्ती मिळाल्यानंतर पुढे काय झाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाची शेती गुलामांच्या घामावर चाले. १८६० च्या शिरगणतीत तेथे सुमारे ४० लाख गुलाम होते. माणसांचा बाजार गुरांसारखा भरे. आई एका मळ्यावर, तर लेकरू दुसऱ्या. अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून येताच दक्षिणेतील राज्ये फुटू लागली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला.

पण ही मुक्ती कोणी ताटात वाढून दिली नाही. हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे पळाले. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा गुलाम बोटीचे सुकाणू धरण्याचे काम करी. मे १८६२ मध्ये त्याने बंडखोरांची अख्खी बोट, आपल्या बायकामुलांसह, चार्ल्स्टन बंदरातून पळवून नेली. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या संसदेत निवडून आला.

युद्ध संपले आणि कागदावर तर सर्व काही मिळाले. १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली, १८६८ मध्ये नागरिकत्व मिळाले, १८७० मध्ये काळ्या पुरुषांचा मताचा हक्क घटनेत आला. त्याआधी सरकारी टपालाची पिशवी फक्त गोऱ्या माणसानेच न्यायची असा कायदा होता, तोही मार्च १८६५ मध्ये रद्द झाला. काळे लोक मतदान करू लागले, मुलांसाठी शाळा निघाल्या, विधिमंडळांत काळे प्रतिनिधी बसू लागले. या काळाला तिकडे पुनर्रचनेचा काळ म्हणतात.

मग घात कोठे झाला? आमच्या मते तीन ठिकाणी झाला.

पहिला घात पोटाचा. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यातील जमीन दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला होता. लोक तेथे जाऊन कसू लागले. पण एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत केल्या. ज्याने जमीन नांगरली त्याच्या हाती पुन्हा काही राहिले नाही. बहुतेकांना जुन्या मालकांचीच जमीन बटाईने कसावी लागली. बियाणे उधार, धान्य उधार, आणि हंगाम संपला की हिशेबाची वही मालकाच्या हातात! ही वही कशी चालते ते आपल्या खेड्यांतील सालगड्यांना वेगळे सांगायला नको. मुक्त झालेल्यांसाठी काढलेली बचत बँकसुद्धा १८७४ मध्ये बुडाली आणि साठ हजारांहून अधिक ठेवीदारांचा घामाचा पैसा अडकला.

दुसरा घात कायद्याच्या फटीचा. गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीत एक अपवाद ठेवला होता: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेता येईल. झाले! बेकार फिरला म्हणून पकड, दंड भरता आला नाही म्हणून तुरुंगात टाक, आणि तेथून ठेकेदाराला भाड्याने दे. दक्षिणेतील कितीतरी लोहमार्ग अशा भाड्याच्या कैद्यांनी बांधले. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातील स्वॅननोआ बोगदा १८७९ मध्ये पूर्ण झाला. तो खोदणारे बहुतेक काळे कैदीच होते आणि त्या मार्गावर त्यांच्यातील कित्येक जण मेले. गुलाम मेला तर मालकाचे नुकसान होई. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मागवत. रूळ टाकणाऱ्या हातांची ही कथा आपण रेल्वेवाल्यांनी तरी विसरू नये.

तिसरा घात पहाऱ्याचा. फुल्यांचे पुस्तक निघाले त्याच १८७३ सालच्या एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यात कोलफॅक्स या गावी गोऱ्यांच्या हत्यारबंद जमावाने काळ्या लोकांची कत्तल केली. त्यातील अनेकांनी शरणागती पत्करली होती. थोड्याच आरोपींना शिक्षा झाली, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीवर पुढाऱ्यांनी आपसांत तडजोड केली आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यांच्या विधानभवनांवरचा केंद्राचा लष्करी पहारा उठला. हक्क पुस्तकात राहिले, राखणारा गेला.

आता पुढचे नीट वाचा. त्याच १८७७ सालच्या जुलैमध्ये मार्टिन्सबर्ग येथे रेल्वे कामगारांनी पगारकपातीविरुद्ध गाड्या रोखल्या. संप राज्याराज्यांत पसरला. तेव्हा त्याच अध्यक्षांनी लष्कर पाठवले! काळ्यांच्या मताचे रक्षण करायला ज्या सरकारकडे शिपाई उरले नव्हते, त्याच सरकारकडे संपकऱ्यांवर धाडायला शिपाई होते. त्या संपात सुमारे शंभर माणसे मारली गेली. काळ्यांचा पहारा उठला तेव्हा जे गोरे कामगार गप्प बसले, त्यांच्याही दारात तीन महिन्यांत संगिनी आल्या.

गोऱ्या कामगारांनी यातून धडा घेतला का? दुर्दैवाने नाही. १८९४ साली अमेरिकन रेल्वे युनियनच्या अधिवेशनात काळ्यांना सभासद करण्याचा प्रश्न आला. अध्यक्ष युजीन डेब्स यांची इच्छा त्यांना घ्यावे अशी होती, पण थोड्या मतांनी ठराव पडला. त्याच उन्हाळ्यात पुलमन कंपनीविरुद्ध मोठा संप झाला. कंपनीच्या शयनयानांत हमाल आणि पोर्टर म्हणून राबणारे हजारो काळे कामगार युनियनच्या बाहेर होते. टपाल अडते हे निमित्त करून सरकारने कोर्टाचा मनाई हुकूम आणला, लष्कर उतरवले आणि संप मोडला. कोणी म्हणेल, संप लष्कराने मोडला, काळ्यांना बाहेर ठेवल्याने नव्हे. खरे आहे. पण ज्यांना तुम्ही दारातून परत पाठवले, त्यांच्याकडून संकटाच्या वेळी साथ कोणत्या तोंडाने मागणार?

टपालवाल्यांचीही तीच कथा. आपल्या आर.एम.एस.सारखी तिकडेही चालत्या गाडीत टपाल सॉर्ट करणारी सेवा होती. लाकडी डब्यांत अपघात झाला की आतला माणूस वाचणे कठीण. अशा धोक्याच्या जागांवर बरेच काळे कारकून होते. पोलादी डबे आले, काम सुरक्षित झाले, तशी त्यांना बाहेर ढकलण्याची खटपट सुरू झाली. गोऱ्यांच्या संघटनेने त्यांना दार बंद केले होते. म्हणून १९१३ मध्ये चॅटनूगा येथे त्यांनी स्वतःची संघटना काढली. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी पुलमनच्या पोर्टरांची युनियन बांधली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या अग्रभागी हेच रँडॉल्फ होते. १८७० मध्ये लिहून दिलेला मताचा हक्क दक्षिणेत खरोखर बजावता येण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला. मधली ९५ वर्षे कोणी भरून देणार आहे काय?

आमचे ठेका कामगार म्हणजे गुलाम, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे त्या ४० लाख जिवांच्या हालांची थट्टा होईल. आमचे म्हणणे वेगळे आहे. ठेका कामगाराला किमान वेतनाचा कायदा आहे, प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आहे. पण त्याची हिशेबाची वही ठेकेदाराच्या हातात आहे आणि पहाऱ्याला कोणी नाही. कायदा स्वतःच्या पायाने चालत नाही. त्याला चालवायला संघटना लागते. आणि आज जे बाहेर आहेत त्यांच्या जिवावर आपली कायम पदे उद्या ठेक्यावर जातील, तेव्हा आपण दार कोणाचे ठोठावणार?

म्हणून पुढच्या शाखा सभेत आम्ही या कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव मांडणार आहोत. कायम कामगारांनी मोठ्या संख्येने यावे, विरोध असेल तर तोही उघड मांडावा. पण हात वर करण्याआधी १८९४ च्या त्या थोड्या मतांची आठवण ठेवावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!