पेटीच्या खर्चात राखणदाराचे घर

दिवाळीच्या सुमारास पावस, गोळप, पूर्णगड या बाजूच्या हापूसच्या बागांत नेपाळी माणसे येऊन राहतात. आपण त्यांना सरसकट गुरखा म्हणतो, नाव विचारण्याची तसदी बहुधा घेत नाही. आता अनेकांच्या सोबत बायको आणि कडेवरचे मूलही असते. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणे, सारे त्यांच्या हातून होते. आंबा उतरला की ती परततात. तोवर ती राहतात कुठे? बागेच्या कोपऱ्यात चार वासे, वर प्लॅस्टिक नाहीतर जुने पत्रे, आणि शेजारीच फवारणीच्या औषधाचे डबे. काही बागायतदारांनी चिऱ्याच्या खोल्या आणि संडास बांधून दिले आहेत. हे लिखाण त्यांना उद्देशून नाही.

यांना बेघर का म्हणावे, त्यांचे घर नेपाळात आहेच की, असे उत्तर मिळते. आपल्या बापजाद्यांचेही घर गावी होतेच. मुंबईत मात्र ट्रंक ठेवण्यापुरतीही हक्काची जागा नव्हती. सरकारच्या आणि मालकांच्या चाळी पुरल्या नाहीत. तेव्हा गावोगावच्या मंडळींनी वर्गणी काढून लालबाग-परळच्या चाळींत गावाची खोली धरली. एका खोलीत 20-25 जण. एक पाळीवरून आला की दुसरा उठून पाळीवर जाई. जेवण खानावळवालीकडे. नवखा पोरगा भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला की थेट त्या खोलीवर जाई, आणि नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे पैशाचा तगादा कोणी लावत नसे. 1982 च्या संपानंतर गावी परतलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, खोलीतला प्रत्येक खुंटा कोणाचा होता ते सांगतील.

परक्या शहरात आपल्या पोरांना छप्पर देणाऱ्या गावांना स्वतःच्या शिवारात आलेल्या कुटुंबांना छप्पर देता येत नाही, हे आम्हाला पटत नाही.

बागायतदार म्हणतील, थ्रिप्सने कंबरडे मोडले, मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा जमिनीवर आणला, खोल्या कशातून बांधू? तक्रार खोटी नाही. पण आपली चळवळ उभी राहिली ती उत्पादनखर्चावर आधारलेल्या भावासाठी. खर्चाचा हिशेब मांडताना खत, औषध, पेटी, गाडीभाडे, वाशीचा खर्च सगळे धरायचे, आणि ज्याच्या जिवावर बाग राखली त्याच्या निवाऱ्यापुढे शून्य लिहायचे, तर तो हिशेबच खोटा. सरकार आपले कष्ट शून्य धरते म्हणून आपण रस्त्यावर आलो ना? मग तेच शून्य दुसऱ्याच्या नावापुढे लिहिताना हात कसा कापत नाही?

जिल्हा बैठकीत आमचे मागणे लहान आहे. प्रत्येक गावातून दोन कार्यकर्ते, त्यांत एक बाई असावी. पुरुषांना झोपडीतल्या बाईच्या अडचणी कळत नाहीत आणि ती सांगतही नाही. हंगाम सुरू होताच त्यांनी बागा फिरून कुटुंबे आणि मुले मोजावीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. गुरुजींना हे नम्रपणे, पण सांगावे. लहानग्यांची अंगणवाडीत आणि लसीकरणाला नोंद करावी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मराठवाड्यात हंगामी वसतिगृहे निघाली. आंब्याच्या मुलखात तसे काही करायला कोणाची परवानगी लागत नाही.

औषधाचे डबे झोपडीपासून दूर ठेवायला पैसाही लागत नाही, ते उद्याच करावे.

राहिली खोली. ज्याची बाग मोठी त्याने स्वतः बांधावी. लहान बागा असतील तिथे चार-पाच जणांनी मिळून एक जागा द्यावी, चिरे आणि मजुरी वाटून घ्यावी. पाणी आणि संडास त्यातच आला. जागा देणाऱ्यांनी बैठकीतच नाव नोंदवावे. चिऱ्याच्या खाणी पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीला खोली उभी हवी असेल तर चिरे मिरगाच्या आधी उतरवून ठेवावे लागतील.