कोयता आणि व्हिसा

ऊसतोडीला आपल्या बीडमधून नवरा-बायको मिळून 'एक कोयता' जातो. राबतात दोघं, उचल बहुधा त्याच्या हाती. शिकलेल्या मुलीला अमेरिकेचं स्थळ आलं की आपल्याला वाटतं, ही यातून सुटली! पण एच-१बीवरच्या नवऱ्यासोबत ती एच-४ व्हिसावर राहते. तिची मुदतवाढ त्याच्या मुदतवाढीला बांधलेली. घटस्फोट झाला की एच-४चा आधारच संपतो. २०१५पासून काहीजणींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण पुढे सरकलं असेल तरच. मग मार खाऊनही ती गप्प बसते, यात नवल काय?

मैत्रिणींनो, लेकीचा पासपोर्ट तिच्याच हाती राहू द्या, परतीच्या तिकिटापुरते पैसे तिच्याच खात्यात. आणि ती परतलीच, तर 'नांदली नाही' म्हणू नका.