सातशे ग्रॅमची हौस

परवा एका मित्राचा फोन आला. मूळचा कोल्हापूरचा, सॉफ्टवेअरवाला, माझ्याहून चार वर्षांनी लहान. म्हणाला, "अरे, मी रिव्हॉल्व्हर घेतोय. स्मिथ अँड वेसनचं ३२९ पीडी. चव्वेचाळीस मॅग्नम, आणि वजन किती सांग? सातशे ग्रॅम!" माझं मत त्याने विचारलं नव्हतं. मी दिलं. पाऊण तास भांडण झालं आणि तरीही बरंच सांगायचं राहिलं, ते आता तुमच्या माथी मारतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो त्या मोंटाना राज्यात शहर संपलं की रान सुरू होतं. इकडे त्याला बॅककंट्री म्हणतात. पाठीवर तंबू घेऊन तीन-चार दिवस चालायचं, फोनला रेंज नाही, आणि वाटेत ग्रिझली अस्वल भेटण्याची शक्यता, थोडी पण खरी. मेळघाटात किंवा चंद्रपूरकडे पहाटे मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या माणसाला अस्वल म्हणजे काय हे मी सांगायला नको. तो काठी किंवा कुऱ्हाड घेऊन जातो, कारण त्याला जावंच लागतं. आम्ही हौसेने जातो. म्हणून आमची शस्त्रंही हौसेची.

चव्वेचाळीस मॅग्नमचं पहिलं रिव्हॉल्व्हर १९५५च्या सुमाराला आलं. १९७१च्या 'डर्टी हॅरी' सिनेमाने ते घराघरात पोचवलं. ते पोलादी धूड सव्वा किलोच्या आसपासचं. कमरेला लावून डोंगर चढलात की संध्याकाळी कंबर बोलायला लागते. मग २००३ मध्ये कंपनीने हे ३२९ पीडी काढलं. सिलिंडर टायटॅनियमचं आणि सांगाडा 'स्कँडियम'चा. (हे स्कँडियम म्हणजे जाहिरातीची करामत. सांगाडा अॅल्युमिनियमचाच असतो, त्यात स्कँडियम एक टक्क्याहूनही कमी. पण तेवढ्याने धातूचे कण बारीक राहतात आणि ताकद चांगलीच वाढते. धातू हाच माझा धंदा असल्याने मला त्याचं कौतुक आहे. ज्याने कुणी हे केलं त्याला नमस्कार.)

माझा राग धातूवर नाही, 'हलकं म्हणजे चांगलं' या समजुतीवर आहे. न्यूटनला दुकानात सवलत मिळत नाही. गोळी आणि दारूचा वायू पुढे जाताना जितका संवेग नेतात, तितकाच तुमच्या हातात मागे येतो. रिव्हॉल्व्हर पोलादी असो वा हलकं, तो आकडा तोच. पण धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. पंधरा-साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ३८० मीटरने सुटते असं धरून मी कागदावर हिशेब केला: भरलेल्या पोलादी रिव्हॉल्व्हरचा धक्का साधारण २३ ज्यूल, आणि या हलक्याचा ३५. नेहमीच्या नऊ एमएम पिस्तुलाचा सहाच्या आसपास. म्हणजे सहापट दणका, आणि तोही तळहाताच्या दोन इंचांवर.

हे मी नुसतं कागदावरून बोलत नाही. माझ्याकडे ते होतं. ग्रीन कार्ड आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत घेतलं, हौस म्हणूनच. पहिल्या दिवशी मैदानावर बारा गोळ्या झाडल्या. सातव्या गोळीपासून चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले आणि नळी खाली जायला लागली. शरीराला दणका आठवतो, ते आधीच अंग चोरतं. बाराव्या गोळीनंतर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोललेली होती आणि सात मीटरवरच्या कागदी थाळीत भोकं होती तीन. सरावाला पुन्हा जाऊ म्हणत म्हणत वर्षभरात दोनदा गेलो. यात आळशीपणा आहे, कबूल. पण जे हत्यार दुखतं त्याचा सराव माणूस करत नाही, आणि सराव नसलेला माणूस नेमका त्या दोन सेकंदांत नेम धरेल, हे कुणी कशाच्या जोरावर सांगतं?

दोन सेकंद म्हणजे खरंच दोन. ग्रिझली तासाला ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं, तीस मीटरचं अंतर तेवढ्यात संपतं.

आणखी एक गंमत दुकानदार सांगत नाही, माहितीपुस्तिकेत मात्र असते. दणका इतका जोराचा की सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या आपापल्या नळकांड्यातून पुढे सरकू शकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की ती सांगाड्याला अडते आणि सिलिंडर फिरायचं बंद होतं. म्हणजे ज्या भरवशासाठी पिस्तूल सोडून रिव्हॉल्व्हर घेतलं, तोच भरवसा हलकेपणापायी गेला. काडतुसं नीट निवडली तर हे टळतं, पण निवडणार कोण? सराव करणाराच.

मित्राचा मुद्दा होता, "जड रिव्हॉल्व्हर गाडीत राहतं. हलकं निदान छातीवर असतं." हा मुद्दा खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मग छातीवर असण्यासारखी दुसरी वस्तू आहे की! बेअर स्प्रे. मिरचीतलं तिखट, दाबाखाली डब्यात भरलेलं, भरून साधारण अर्धा किलो. नेम अचूक लागत नाही, ढग उभा करायचा.

२००८ मध्ये टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या स्प्रेच्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा अस्वलाने त्रास थांबवला. २०१२ मध्ये स्मिथ-हेरेरो यांनीच बंदुकांच्या २६९ घटना काढल्या. त्यात हातातल्या बंदुकांचं यश ८४ टक्के निघालं. इथे स्प्रेवाले लगेच "बघा, ९२ विरुद्ध ८४!" म्हणून नाचतात, आणि तीही लबाडीच आहे. स्प्रेच्या घटनांत नुसती चौकस, घुटमळणारी अस्वलंही बरीच होती, धावून आलेली कमी. या दोन आकड्यांची तुलना होत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या अभ्यासातला वेगळा निष्कर्ष: ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांच्याकडे असूनही वापरली नाही, त्यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही.

स्प्रेचे तोटेही सांगतो. वारा तोंडावर असेल तर अर्धा आपल्यालाच. विमानात नेता येत नाही. मुदत संपते. असो.

आता माझी गोष्ट. २०२३चा ऑगस्ट. हकलबेरी नावाची जांभळी बोरं पिकतात तेव्हा, म्हणजे अस्वलंही तिथेच. अरुंद पायवाट, दोन्हीकडे झुडपं, बायको पुढे आणि मी दहा पावलं मागे. वळणावर ती थबकली. तिच्या पलीकडे चाळीसेक पावलांवर ग्रिझली उभं, मागे पिल्लू. माझा हात आपोआप छातीवरच्या मुठीकडे गेला, आणि तेव्हा लक्षात आलं की मी, बायको आणि अस्वल एका सरळ रेषेत आहोत. बारा गोळ्यांतल्या तीन थाळीत मारणारा मी, आणि मध्ये ती. हात तिथेच राहिला. तिने मात्र पट्ट्यावरचा स्प्रे काढून पुढे धरला आणि हळू आवाजात, चक्क मराठीत, अस्वलाशी बोलत एकेक पाऊल मागे आली. अस्वलाने पिल्लाला घेऊन झुडपात दडी मारली. स्प्रे दाबावाही लागला नाही.

गाडीपर्यंत ती काही बोलली नाही. मग विचारलं, "तुझा हात कुठे होता रे?"

पुढच्या आठवड्यात मी ते रिव्हॉल्व्हर विकलं, चांगला तोटा सोसून.

मित्राच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. तो एच-वनवर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, अपवाद शिकारीचा परवाना असेल तर. म्हणून याने परवाना काढलाय. जन्मात सशामागे धावला नाही, घरी अंडंही बायकोच्या चोरून खातो! कायद्यात बसतं, माझी हरकत नाही. पण परवाना काढायला जितकी धावपळ केली, त्याच्या निम्मी नेमबाजीच्या वर्गासाठी केली असती तर मी गप्प बसलो असतो. आणि घ्यायचंच तर सव्वा किलोचं पोलादी घे, हेही सांगून पाहिलं. "ते जड आहे," म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो ग्लेशियर पार्ककडे निघतोय, बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन. मी त्याच्या घरी जाऊन स्प्रेचे दोन डबे देऊन आलो आणि एक वहिनींच्या पट्ट्याला स्वतः अडकवून दाखवला. दुसरा त्याने "बघू" म्हणत सॅकच्या तळाशी टाकला.